सॅल्यूट कुणाला आणि कशासाठी?





पालक-शिक्षक संघाच्या मागील बैठकीत एक सूचना आली. येत्या सत्रापासून पाचवी ते आठवीच्या मुलामुलींनी वरच्या वर्गांतील प्रीफेक्ट आणि हाऊस कॅप्टन समोर दिसताच सॅल्यूट करावा, ‘गुड मॉर्निंग सर’ किंवा ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणावे, आणि जो म्हणणार नाही त्याचे नाव प्रीफेक्टने डायरीत लिहून घ्यावे, अशी ती सूचना आहे. सूचना मांडणाऱ्या पालकांनी दोन कारणे दिली. मुलांमध्ये मोठ्यांबद्दलची अदब उरलेली नाही, हे पहिले. दुसरे असे की फौजेत असेच चालते, आणि फौजेसारखी शिस्त देशात दुसरीकडे कुठे नाही. हा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे जाणार आहे. निर्णय मंडळाचा असेल. त्याआधी प्राचार्या या नात्याने माझे मत सर्वांसमोर ठेवणे मला योग्य वाटते, म्हणून हा लेख.

पहिल्या कारणाबद्दल माझा वाद नाही. जिन्यात समोरून शिक्षक आले तर बाजूला व्हावे, वर्गात कुणी पाहुणे आले तर उभे राहावे, शिपाईकाकांनी घंटा दिली तर त्यांना धक्का देऊन पळू नये, या गोष्टी पूर्वी सांगाव्या लागत नसत. आता सांगाव्या लागतात. सूचना करणाऱ्या पालकांची तळमळ खरी आहे. माझा आक्षेप दुसऱ्या कारणाला आहे. फौजेत खरोखर काय चालते, हे आपण नीट पाहिलेले नाही. आणि जे पाहिले नाही त्याची नक्कल करायला निघालो, तर वरचे टरफल हाती येईल आणि दाणा तिथेच राहील.

आपण इंदूरकरांना तर हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. महूची छावणी आपल्या शेजारी आहे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी महूला छावणी वसवली. आज तिथे इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, दूरसंचाराचे लष्करी महाविद्यालय आहे. पायदळातला नवा लेफ्टनंट आपल्या ‘यंग ऑफिसर्स कोर्स’साठी महूलाच येतो, आणि त्याच्या प्रशिक्षणाचा कमांडो भाग बेळगावला होतो. म्हणजे देशातल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांची पहिली पावले आपल्यासारख्याच दोन जुन्या मराठी वस्त्यांच्या शेजारी पडतात. बाजारात, स्टेशनवर, बसमध्ये ही मुले आपल्याला दिसतात. वय बावीस-तेवीस, केस बारीक कापलेले, चाल ताठ. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपेक्षा ती फार मोठी नसतात.

या तरुण अधिकाऱ्यांमध्ये सॅल्यूटची रीत कशी असते, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट. सॅल्यूट माणसाला नसतो, तो कमिशनला असतो. अधिकाऱ्याला कमिशन राष्ट्रपती देतात. त्याच्या खांद्यावरचे तारे म्हणजे त्या कमिशनची खूण. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मेजरला अशोक चिन्ह. जवान जेव्हा बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो, तेव्हा तो त्या मुलाच्या वयाला, श्रीमंतीला, घराण्याला किंवा मार्कांना सॅल्यूट करत नाही. देशाने त्या खांद्यावर जी जबाबदारी ठेवली, तिची तो दखल घेतो. म्हणूनच गणवेश नसला, डोक्यावर टोपी किंवा पगडी नसली, तर आपल्याकडे हाताचा सॅल्यूट होत नाही. अशा वेळी सावधान उभे राहून तोंडाने अभिवादन करतात. माणूस तोच असतो. चिन्ह अंगावर नसते, म्हणून हात वर जात नाही.

आता आपल्या प्रीफेक्टकडे पाहू. त्याचा बॅज शाळेने दिलेला आहे, एका वर्षासाठी, आणि तो काही कामे करण्यासाठी आहे. रांगा लावणे, पाण्याच्या टाकीजवळ गर्दी होऊ न देणे, लहान मुलांना बसपर्यंत पोहोचवणे, ही ती कामे. कुणाच्या जिवाची जबाबदारी देशाने त्याच्यावर ठेवलेली नाही. मग सॅल्यूट कशाला जाणार? मुलांच्या मनात तो थेट त्या मुलाला किंवा त्या मुलीलाच जाईल. त्यातून देणारा आणि घेणारा दोघेही चुकीचेच शिकतील.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सॅल्यूट दोन्ही बाजूंनी असतो. कनिष्ठाने आधी करायचा हे खरे, पण वरिष्ठाने तो परत द्यायचा, हेही तितकेच बंधनकारक आहे. जवानाने केला आणि साहेब मान हलवून निघून गेले, असे चालत नाही. लेफ्टनंटने केला तर कॅप्टनने परत द्यायचा, कॅप्टनने केला तर कर्नलने. आपल्या बैठकीत मांडलेल्या सूचनेत लहान मुलांनी काय करायचे हे सविस्तर होते, न केल्यास काय होईल हेही होते. प्रीफेक्टने परत काय करायचे, याबद्दल एक ओळही नव्हती. फौजेचा दाखला दिला आणि फौजेतला अर्धा नियम गाळला, असे ते झाले.

तिसरी गोष्ट सॅल्यूटच्या ठेवणीत आहे. आपल्या परंपरेत वरिष्ठांपुढे वाकण्याचे पुष्कळ प्रकार आहेत. दरबारात मुजरा करणारा कमरेत वाकत असे. सॅल्यूट करणारा वाकत नाही. तो अधिक ताठ होतो, हनुवटी वर उचलतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. भूदलात तळवा समोर उघडा असतो. नौदलात तळवा जमिनीकडे असतो. जहाजावर काम करताना नाविकांचे हात तेलाडांबराने माखलेले असत, ते वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून ही रीत पडली असे सांगतात. हवाई दलाचा सॅल्यूट पूर्वी भूदलासारखा होता, २००६ साली तो बदलून पंचेचाळीस अंशांच्या कोनात आणला गेला. तीन दलांचे तीन प्रकार, पण तिन्हींत मान ताठ आणि नजर सरळ.

या सॅल्यूटचा उगम सांगताना चिलखत घातलेले सरदार चेहऱ्यावरची जाळी वर करून ओळख पटवत, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो साध्या गोष्टीचा. पूर्वी इंग्रज सैनिक अधिकाऱ्यापुढे टोपी काढत. १७४५ च्या सुमारास कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत हुकूम निघाला की टोपी काढू नये, हात टोपीला लावून पुढे जावे. वारंवार काढल्याने टोप्या खराब होत होत्या. एवढ्या व्यवहारी कारणातून निघालेली रीत पुढे जगभर गेली. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे ‘सॅल्यूट’ म्हटले की माझ्या मनात आधी ‘सलामी’ हा शब्द येतो. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘सलाम’ अरबीतून आला, ‘सॅल्यूट’ लॅटिनमधून. पण एकाच्या मुळाशी शांती आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी स्वास्थ्य. म्हणजे दोन्हींत समोरच्याचे भले चिंतलेले आहे. दरारा दोन्हींत नाही.

याच्या उलट एक रीत आपल्या देशातल्या काही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत होती. नव्या मुलाने वरच्या वर्षाच्या मुलापुढे मान खाली घालून उभे राहायचे आणि नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. तिला ‘थर्ड बटन’ असेच नाव होते. तीही अदबच म्हणवली जात असे. तिथून पुढे काय काय होत गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला रॅगिंगविरोधी कडक नियम करावे लागले. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती डायरी देऊन ‘ज्याने तुला सॅल्यूट केला नाही त्याचे नाव लिही’ असे आपण सांगितले, तर आपण त्याला महूच्या वाटेने नेत नाही. त्याला आपण तिसऱ्या बटणाच्या वाटेने नेतो.

चौथी गोष्ट बरोबरीच्या मुलांची. लेफ्टनंट आणि कॅप्टन यांत अंतर किती? आपल्या सैन्यात २००४ पासूनच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंटचा कॅप्टन होतो आणि सहा वर्षांनी मेजर. म्हणजे लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्यातले अंतर आपल्याकडच्या आठवी आणि दहावीइतके. इतक्या जवळच्या वयात अदब कशी पाळावी, याचा विचार वेगवेगळ्या सैन्यांनी वेगवेगळ्या प्रकारे केला आहे. ब्रिटिश पलटणींच्या मेसमध्ये कॅप्टनच्या खालचे अधिकारी, ज्यांना सबाल्टर्न म्हणतात, एकमेकांना नावाने हाक मारतात. अमेरिकन सैन्याच्या नियमात कनिष्ठाने वरिष्ठाला सॅल्यूट करायचा, मग दोघेही लेफ्टनंट का असेनात. पण तो बाहेर मोकळ्या जागेत. इमारतीच्या आत अधिकृत काम घेऊन वरिष्ठापुढे हजर होतानाच तो लागतो. आपल्याकडे प्रबोधिनीत एक टर्म पुढे असलेल्यालाही ‘सर’ म्हणण्याची सवय लागते. आणि एकाच दिवशी कमिशन मिळालेल्यांत ज्येष्ठ कोण, हे प्रबोधिनीच्या गुणवत्ता यादीवरून ठरते.

पण या सगळ्याच्या जोडीला ‘कोर्समेट’ नावाचे एक नाते आपल्या सैन्यात आहे, आणि ते हुद्द्याने तुटत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ५६ व्या कोर्समधले तीन विद्यार्थी, जनरल मनोज नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंह आणि एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया, २०१९ च्या अखेरीस एकाच वेळी तिन्ही दलांच्या प्रमुखपदी होते. आपल्या मध्यप्रदेशचे उदाहरण तर याहून जवळचे. रीवाच्या सैनिक शाळेत १९७० च्या दशकात एकाच वर्गात बसणारी दोन मुले २०२४ साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन दलांची प्रमुख झाली. ॲडमिरल दिनेश त्रिपाठी नौदलाचे आणि जनरल उपेंद्र द्विवेदी भूदलाचे. त्या वर्गातल्या मैत्रीचा पाया कुणी कुणाला सॅल्यूट केला यावर घातला गेला असेल, असे मला वाटत नाही. शाळा हे असे मैत्र जुळण्याचे ठिकाण आहे. आठवीच्या आणि दहावीच्या मुलांमध्ये आपण सक्तीच्या सलामीची भिंत उभी केली, तर अदब येईल की नाही ठाऊक नाही, दुरावा मात्र नक्की येईल.

पाचवी गोष्ट वयाची आणि अनुभवाची. सुभेदार मेजर हा पलटणीतला सर्वांत अनुभवी माणूस. त्याची अडीच-तीन दशके सेवेत गेलेली असतात. काल आलेल्या लेफ्टनंटला तो सॅल्यूट करतो, कारण लेफ्टनंटच्या खांद्यावर राष्ट्रपतींचे कमिशन आहे. आणि तो लेफ्टनंट त्याला नावाने हाक मारत नाही. ‘साब’ म्हणतो, ‘सुभेदार साब’ म्हणतो. त्याचा सल्ला घेतो. डेहराडूनच्या भारतीय सैनिक प्रबोधिनीत कवायत शिकवणाऱ्या हवालदाराला भावी अधिकारी ‘उस्ताद’ म्हणतात. कवायतीत चुकले तर तो उस्ताद कुणाची गय करत नाही. दीक्षान्त संचलनानंतर चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून ‘अंतिम पग’ टाकला, आईवडिलांनी खांद्यावर तारे लावले, की तोच उस्ताद आपल्या शिष्याला सॅल्यूट करतो. अमेरिकेत अशा पहिल्या सॅल्यूटच्या बदल्यात नवा अधिकारी त्या शिपायाला किंवा हवालदाराला चांदीचा डॉलर देतो, अशी जुनी चाल आहे. देणे कुणाचे कुणावर आहे, हे त्या नाण्यातून कळते.

आपल्या शाळेत या ‘सुभेदार साब’च्या जागी कोण आहेत? आपले शिपाईकाका आहेत, स्वच्छता करणाऱ्या मावशी आहेत, प्रयोगशाळेचे सहायक आहेत, बसचे चालक आहेत. त्यांच्यातल्या काहींची इथली नोकरी कित्येक शिक्षकांपेक्षा जुनी आहे. मुलांनी प्रीफेक्टला सॅल्यूट करावा अशी सूचना आली. मावशींना कुणी नमस्कार करावा अशी सूचना आजवर कुठल्याही बैठकीत आलेली नाही. मला खंत वाटते ती याची.

इथे महूचीच एक आठवण सांगायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, हे आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि तिथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. छावणीत त्यांच्या हुद्द्याला मान होता. छावणीच्या फाटकाबाहेर तो मान नव्हता. १९०१ साली याच सुभेदारांची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके होते म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलले. जात कळताच मागे सरकले. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतःच हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या समाजाने कुणी ‘जोहार’ म्हणायचे आणि कुणी ते ऐकून घ्यायचे हे जन्मावरून ठरवले होते, त्या समाजात गणवेशातला सॅल्यूट किती वेगळी गोष्ट होती, याची कल्पना यावरून यावी. इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली आणि तो एक दरवाजाही लावून घेतला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावला. तिचे केंद्र आज आपल्याच राज्यात, सागरला आहे.

अभिवादनाची रीत ही किरकोळ बाब नाही, हे यातून दिसते. कोण कुणापुढे आधी हात जोडतो, कोण कुणाला परत जोडतो आणि कोण जोडतच नाही, यातून समाज कसा आहे ते कळते. आझाद हिंद सेनेत हिंदू, मुसलमान, शीख सगळे होते, आणि प्रत्येकाची अभिवादनाची तऱ्हा निराळी होती. सर्वांना चालेल असा एकच शब्द हवा होता. ‘जय हिंद’ हा शब्द सुचवण्याचे श्रेय हैदराबादचे आबिद हसन सफरानी यांना दिले जाते. आज तिन्ही दलांत तोच शब्द सॅल्यूटच्या सोबत उच्चारला जातो. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा, दोघेही तेच दोन शब्द म्हणतात. ‘गुड मॉर्निंग सर’मध्ये ही सोय नाही, त्यात ‘सर’ एकाच बाजूने म्हणायचे असते.

सहावी गोष्ट मुलींची. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देण्याचा निर्णय दिला. ग्रामीण पार्श्वभूमीच्या जवानांची स्त्री अधिकाऱ्याचे नेतृत्व मानण्याची अजून मानसिक तयारी नाही, असा एक मुद्दा त्या खटल्यात सरकारतर्फे मांडला गेला होता. न्यायालयाने तो मानला नाही. २०२२ पासून खडकवासल्याला मुली दाखल होऊ लागल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यांच्या खांद्यावर तारे लागले की त्यांनाही तोच सॅल्यूट मिळेल, कारण तो कमिशनला आहे. कमिशनला स्त्री-पुरुष भेद कळत नाही. आपल्या आठवी-नववीच्या मुलींनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आणि शेवटची गोष्ट. सीमेवर, प्रत्यक्ष लढाईच्या जागी, सॅल्यूट करत नाहीत. शत्रूचा नेमबाज दुर्बिणीतून पाहत असतो. सॅल्यूट झाला की अधिकारी कोण ते त्याला कळते आणि गोळी त्याच अधिकाऱ्याला लागते. म्हणजे शिस्तीची खरी परीक्षा जिथे होते, तिथे सॅल्यूट बाजूला ठेवला जातो. शिस्त तिथे कशावर उभी असते? आपला अधिकारी आपल्या आधी जेवणार नाही, आपल्या मागे राहणार नाही आणि आपल्याला सोडून जाणार नाही, या विश्वासावर. १९३२ साली डेहराडूनच्या प्रबोधिनीच्या उद्घाटनात जनरल चेटवुड यांनी भावी अधिकाऱ्यांना जो क्रम सांगितला, तो आजही तिथे शिकवला जातो. देश सर्वांत आधी, मग आपल्या हाताखालचे जवान, आणि स्वतःची सोय नेहमी सर्वांत शेवटी. हा क्रम ज्याच्या अंगी मुरला, त्याला सॅल्यूट मागावा लागत नाही.

काही पालक म्हणतील, मॅडम, मुलांना सॅल्यूट आवडतो, त्यात एवढे काय? मलाही आवडतो. आपले एनसीसीचे कॅडेट गणवेशात असतील तेव्हा नियमाप्रमाणे आपल्या अधिकाऱ्यांना सॅल्यूट करतील, राष्ट्रध्वजाला करतील, आणि तो चोख करतील, यावर माझे बारीक लक्ष असते. १९४८ पासून चालत आलेली ती संघटना आहे, तिचे नियम पक्के आहेत. माझा विरोध त्या नियमांतून एक तुकडा तोडून तो इतर मुलांवर लादण्याला आहे. दुसरे काही पालक म्हणतील, मग शिस्त आणायची कशी? त्याचे उत्तर देणे माझे काम आहे. म्हणून मूळ सूचनेऐवजी विश्वस्त मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवणार आहे.

एक, शाळेत अभिवादन ‘नमस्कार’ असेल, आणि ते परत दिले जाईल. मुलाने नमस्कार केला आणि शिक्षक मोबाईलकडे पाहत पुढे गेले, असे होऊ नये. याची सुरुवात माझ्यापासून होईल. रोज सकाळी फाटकाजवळ उभी राहून प्रत्येक नमस्कार परत देणे हे माझ्या कामाच्या यादीत राहील.

दोन, प्रीफेक्टच्या बॅजबरोबर एक लेखी नियम दिला जाईल. लहान मुलाशी बोलताना आधी नमस्कार प्रीफेक्टने करायचा, त्याचे नाव विचारायचे, आणि खाऊच्या रांगेत स्वतः सर्वांत शेवटी उभे राहायचे. डायरी असेल, पण तिच्यात लहान मुलांच्या अडचणी लिहायच्या.

तीन, शिपाईकाका, मावशी, बसचालक यांची नावे प्रत्येक मुलाला माहीत असावीत आणि ‘काका’, ‘मावशी’ म्हणूनच त्यांना हाक मारावी. ‘ए शिपाई’ ही हाक या आवारात चालणार नाही. हा नियम शिक्षकांना आणि फाटकावर येणाऱ्या पालकांनाही लागू राहील. काही पालकांना हे वाचून राग येईल, याची मला कल्पना आहे.

चार, फौजेतली एक रीत मात्र जशीच्या तशी घ्यावी. पलटणीत ‘सीनियर सबाल्टर्न’ म्हणून एक जण असतो. कनिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये तो सर्वांत ज्येष्ठ. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला मेसचे रीतिरिवाज शिकवणे, पलटणीचा इतिहास सांगणे आणि तो कुठे चुकत असेल तर बाजूला घेऊन समजावणे, हे त्याचे काम. आपल्याकडे नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पाचवीचा एक नवा विद्यार्थी सोपवावा. वर्षाच्या शेवटी त्या पाचवीच्या मुलाला शाळा ओळखीची वाटते की परकी, यावरून नववीच्या मुलाचे मोल ठरावे.

आपल्या पूर्वजांपैकी कुणी होळकरांच्या चाकरीत इथे आले, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत, कुणी शिक्षक म्हणून. भाषा घरात राहिली, शाळा वर्गणीतून उभी राहिली. तिला पैसे देणाऱ्यांत वकील होते तसे गिरणी कामगारही होते. कोणी आधी नमस्कार करायचा, हा प्रश्न मनात धरून त्यांनी ती बांधली नसावी.

विश्वस्त मंडळाने मूळ सूचना फेटाळावी आणि वरील चार गोष्टींना एक वर्षाची मुदत देऊन पाहावी, अशी माझी विनंती आहे. वर्षअखेरीस निकाल समाधानकारक वाटला नाही, तर पुन्हा बसून बोलू. पालकांनी आपली मते, विरोधी असली तरी, लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत. ती सर्व मी सभेपुढे वाचून दाखवीन. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना ही सूचना आवडली होती त्यांनीही मोकळेपणाने लिहावे. उद्या तुमच्यापैकी कुणी महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये लेफ्टनंट म्हणून पाऊल ठेवले, तर या शाळेला फार आनंद होईल. तिथे तुम्हाला सॅल्यूट मिळेल. तो परत देताना हात पूर्ण वर जाऊ द्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहा.

जय हिंद.

आपली,
प्राचार्या